शर्तभंग

मागच्या पावसाळ्यात एका जर्मन खरेदीदाराचा मेल आला आणि त्यातल्या सातव्या मुद्द्यावर मी तीन महिने अडकले. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, द्राक्षबागेच्या ठिबकसाठी कंट्रोलर बनवतो, म्हणजे जमिनीतला ओलावा आणि हवामान बघून व्हॉल्व्ह उघडबंद करणारी पेटी, आत लिनक्सवर, म्हणजे फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, चालणारा बोर्ड. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे तीनेकशे पेट्या लागल्यात. जर्मनीवाल्यांना ट्रायलला पन्नास नग हवे होते. त्यांचे पहिले सहा मुद्दे नेहमीचे, वॉरंटी, पॅकिंग, सर्टिफिकेट वगैरे, आणि सातवा असा की पेटीत जेवढं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे त्याची यादी द्या, प्रत्येकाचं लायसन्स द्या, आणि जे जीपीएलखाली येतं त्याचा पूर्ण सोर्स कोड, बिल्ड स्क्रिप्टसकट, माल निघायच्या आधी द्या. सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेला, वाचता-बदलता येणारा मूळ प्रोग्राम, ओपन सोर्स म्हणजे ज्याचा असा सोर्स सगळ्यांना खुला असतो ते, आणि जीपीएल हे त्यातलंच एक लायसन्स, वापरा, बदला, वाटा, पण वाटताना सोर्सही द्या असं सांगणारं.

सर म्हणाले, "अगं ते ओपन सोर्सच आहे ना, नेटवर पडलंय सगळं, लिंक पाठवून दे."

मलाही त्या दिवशी तसंच वाटलं, हे आधीच सांगते, कारण हे मी माझ्यासारख्याच लोकांसाठी लिहितेय. सातपूर, अंबड, सिन्नरमध्ये कितीतरी छोट्या कंपन्या बोर्ड आणून, त्यावर लिनक्स चढवून, आपलं अ‍ॅप टाकून माल विकतात, काम चोख करतात, आणि या एका बाजूकडे बघायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

संध्याकाळी माणसं गेल्यावर एक पेटी टेबलावर घेतली, सिरियल केबल लावली, लॉगिन करून नुसतं बिझीबॉक्स टाइप केलं (लिनक्सच्या रोजच्या छोट्या कमांड एकत्र बांधलेला प्रोग्राम तो) आणि एंटर मारला. आधी व्हर्जन येतं, मग एक ओळ येते की याचा कॉपीराइट १९९८ पासूनच्या अनेक लेखकांकडे आहे, आणि पुढे लगेच, लायसन्स जीपीएल व्ही २. ही ओळ माझ्या डोळ्यांसमोरून शेकडो वेळा गेली असेल. मग कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, वळले. प्रोक फोल्डरमध्ये व्हर्जन नावाची फाइल असते, ती उघडली की कर्नल कुणी, कुठल्या मशीनवर, कुठल्या कंपायलरने, कधी बनवला ते एका ओळीत दिसतं. त्या ओळीत आमच्याकडे पूर्वी असलेल्या मुलाचं लॉगिन नाव होतं, त्याच्या लॅपटॉपचं नाव होतं, आणि वेळ रात्रीचे ११ वाजून ४७ मिनिटं. तो पुण्याला गेला त्याला चार वर्षं झाली. त्याचा लॅपटॉप त्याच आठवड्यात फॉरमॅट करून अकाउंटला दिला, मीच दिला होता. म्हणजे तीनशे बागांमध्ये चालणाऱ्या कर्नलचा नेमका सोर्स, त्याने केलेल्या बदलांसकट, आमच्याकडे कुठेच नव्हता. फक्त पेटीतली बायनरी, म्हणजे सोर्सपासून बनवलेली, मशीनलाच कळणारी तयार फाइल, होती आणि ही एक ओळ.

आता इथे जरा नीट सांगते, कारण सगळी गफलत इथेच होते. जीपीएलचं सॉफ्टवेअर तुम्ही तुमच्या ऑफिसात, तुमच्या सर्व्हरवर हवं तितकं चालवा, आपल्यापुरतं बदलून घ्या, कुणी सोर्स मागायला येत नाही. (एजीपीएल म्हणून एक भाऊ आहे त्याचा, २००७ चा, त्यात नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलं तरी बदललेला सोर्स द्यावा लागतो, पण तो आमच्या पेटीत नव्हता.) जबाबदारी लागते ती प्रत दुसऱ्याच्या हातात गेली की. विकली काय, फुकट दिली काय, वस्तूच्या आत बसवून दिली काय, सारखंच. पेटी गेटबाहेर पडली की बायनरी गेली, आणि बायनरी गेली की सोर्सचं देणं लागलं. लिनक्स कर्नल ज्या लायसन्सखाली आहे ती जीपीएलची दुसरी आवृत्ती, जून १९९१ ची, तिच्या तिसऱ्या कलमात हे देणं कसं फेडायचं ते दिलंय. एक तर सोर्स मालासोबतच द्या, नाहीतर कमीत कमी तीन वर्षं चालेल अशी लेखी ऑफर द्या की मागेल त्याला सोर्स पाठवू, फक्त पाठवायचा खर्च घेऊ. मागेल त्याला म्हणजे गिऱ्हाइकालाच असं नाही, कुणाही तिसऱ्या माणसाला. आणि आम्हाला ज्यांनी दिलं त्यांचीच ऑफर तुम्हाला पुढे देतो, हा जो सोपा मार्ग आहे तो धंद्यासाठी वाटणाऱ्याला बंद आहे, तसं तिथे लिहूनच ठेवलंय.

त्यामुळे लिंक पाठवणं तिथेच संपलं. लिंकवर जो कर्नल आहे तो आमच्या पेटीतला नाहीच, पेटीतल्यात बोर्ड बनवणाऱ्या व्हेंडरचे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, आहेत, त्यावर आमच्या मुलाचे आहेत. शिवाय सोर्स म्हणजे नुसत्या सीच्या फायली नव्हेत, कंपाइल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही त्यात धरल्यात.

सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाच्या बाजूला सरांच्या ओळखीचे एक वकील बसतात. सगळं आयुष्य जमिनीच्या केसेसमध्ये गेलेलं, सॉफ्टवेअरशी संबंध नाही. तरी मी आणि सर जीपीएलच्या प्रिंट घेऊन गेलो, कारण दुसरं कुणी सुचेना. त्यांनी अर्धा तास काही न बोलता वाचलं, मध्ये दोन-तीन शब्द मला विचारले, आणि मग चौथ्या कलमावर पेन्सिल टेकवून म्हणाले, "ताई, ही वर्ग २ ची जमीन आहे."

ज्यांच्या घरात सातबारा आहे त्यांना हे लगेच कळेल. वर्ग २ ची जमीन कसा, पीक घ्या, पिढ्यान्‌पिढ्या खा, कुणी हटकत नाही. पण दुसऱ्याला देताना ज्या शर्ती घातल्यात त्या पाळल्या नाहीत की शर्तभंग, आणि शर्तभंग झाला की ज्या हक्काने तुम्ही तिथे उभे होतात त्या हक्कावरच गदा येते. चौथं कलम त्याच चालीचं आहे, किंबहुना जास्त कडक, अटी सोडून वाटप केलं की तुमचे हक्क आपोआप संपतात, आधी नोटीस यावी लागत नाही. तुमच्याकडून ज्यांनी घेतलं त्यांचे हक्क मात्र शाबूत. म्हणजे आमच्या शेतकऱ्यांचं काही बिघडत नव्हतं, बिघडत होतं ते आमचं, पहिल्या पेटीपासून.

सर म्हणाले, "पण आपण सही कुठे केलीय कशावर?"

वकील म्हणाले, "सही नाही केली ना? मग वाटायचा हक्क कुठून आणला तेवढं दाखवा."

याला उत्तर नाही. पाचवं कलमही हेच सांगतं, तुम्ही हे लायसन्स मानलंच पाहिजे असं नाही, पण दुसऱ्या कशानेही तुम्हाला वाटपाची परवानगी मिळालेली नाही. मानलं नाही तर उरतो साधा कॉपीराइट कायदा. आपला कायदा १९५७ चा, कॉम्प्युटर प्रोग्राम त्यात साहित्यकृतीतच मोडतो, आणि जाणूनबुजून भंग केला तर कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय, हेही वकिलांनीच सांगितलं. मी त्या 'जाणूनबुजून' शब्दापाशी थांबले. तोपर्यंत आम्ही अजाण होतो असं म्हणता आलं असतं, पण सातवा मुद्दा वाचल्यानंतर, बिझीबॉक्सची ती ओळ नीट वाचल्यानंतर, पुढची पेटी पाठवली असती तर ती अजाणपणे गेली असं मी कुणापुढे, निदान स्वतःपुढे, म्हणू शकले नसते.

घरी येऊन रात्री वाचत बसले, कुठे कुठे काय झालंय ते. शर्त की नुसतं वचन, हा वाद अमेरिकेत २००८ मध्ये एका अपील कोर्टापुढे आला होता, जेकबसन विरुद्ध कॅट्झर, तोही छंदाच्या मॉडेल रेल्वे चालवायच्या सॉफ्टवेअरवरून. लायसन्स जीपीएल नव्हतं, आर्टिस्टिक नावाचं वेगळं होतं, पण कोर्टाने म्हटलं की फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरला घातलेल्या अटी या खऱ्या शर्ती आहेत आणि त्या मोडणं हा कॉपीराइटचा भंग होऊ शकतो. म्हणजे आमच्या जमिनीवाल्या वकिलांचा शब्द नेमका होता. जर्मनीत तर त्याच्याही आधी, २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने हाराल्ड वेल्टे या नेटफिल्टरच्या (कर्नलमधला नेटवर्कची ये-जा गाळणारा भाग) डेव्हलपरच्या बाजूने मनाई हुकूम कायम केला, राउटर विकणाऱ्या एका कंपनीने जीपीएल पाळलं नव्हतं म्हणून. आमचा खरेदीदार एवढा काटेकोर का ते तेव्हा लक्षात आलं, विक्री तिकडे झाली की उत्तर तिकडच्या कोर्टात त्यालाच द्यावं लागणार. बिझीबॉक्सच्या दोन लेखकांनी २००७ मध्ये अमेरिकेत दावा केला, तिथला जीपीएलवरचा तो पहिला मानतात, तो समझोत्यात मिटला. फ्रान्समध्ये एका छोट्या कंपनीने ओरांज या टेलिकॉम कंपनीवर लासो नावाच्या जीपीएल लायब्ररीसाठी (लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी जोडून घ्यायचा तयार कोड) केस केली, ती बारा-तेरा वर्षं चालली आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने ५ लाख युरोंच्या वर भरपाई द्यायला लावली. आणि २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर झालेली केस मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण दावा करणारी संस्था तिथे कोडची मालक म्हणून उभी राहिली नाही, टीव्ही विकत घेणारी म्हणून उभी राहिली, आणि मागणी पैशाची नव्हती, सोर्स द्या एवढीच.

पैशासाठी हे करणारेही निघालेत हे खरंय. जर्मनीत नेटफिल्टरच्याच एका जुन्या डेव्हलपरने कंपन्यांच्या मागे लागून वसुली चालवल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा २०१६ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांनीच त्याला टीममधून निलंबित केलं. आणि कर्नलवाल्यांनी २०१७ मध्ये जाहीर केलं की जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीतली सुधारायची मुदत आम्ही दुसऱ्या आवृत्तीलाही लावतो, म्हणजे पहिल्यांदा नोटीस आली आणि ३० दिवसांत चूक दुरुस्त केली तर हक्क परत मिळतात, आणि चूक आपणहून थांबवली आणि नंतर ६० दिवसांत कुणी हरकत कळवली नाही तरी परत मिळतात. सगळ्या लेखकांनी त्यावर सही केलेली नाही, पण बऱ्याच जणांनी केलीय. मला त्या रात्री या एका गोष्टीने झोप लागली.

सरांची खरी भीती वेगळी होती. आपला सगळा कोड उघडा करावा लागेल, पाण्याचा हिशोब करायचा जो प्रोग्राम आम्ही सहा वर्षं शेतकऱ्यांच्या बांधावर बसून घडवला तो कुणीही उचलेल. तसं आपोआप होत नाही. लायसन्स तुमचा कोड हिसकावत नाही, भंग झाला तर कोर्ट विक्री थांबवतं, भरपाई लावतं, आणि पुढे पाळायचं की ते सॉफ्टवेअर काढून टाकायचं हे बहुतेक वेळा तुमच्या हातात राहतं. कर्नलच्या लायसन्ससोबत जी टीप आहे तिच्यात स्पष्ट म्हटलंय की नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून कर्नलच्या सेवा वापरणारा प्रोग्राम हा कर्नलवर आधारलेली कृती धरत नाही. म्हणजे आमचा प्रोग्राम लिनक्सवर चालतो एवढ्यानं तो जीपीएलचा होत नव्हता. हे सरांना सांगून मी निवांत झाले आणि दुसऱ्याच दिवशी लिंक केलेल्या लायब्रऱ्यांची यादी काढली तर त्यात रीडलाइन.

रीडलाइन म्हणजे काय, तर कमांड टाइप करताना वरचा बाण दाबला की मागची कमांड परत येते, ती सोय. आमच्या प्रोग्रामला सर्व्हिसवाल्यांसाठी एक छोटा कन्सोल आहे, शेतात वायफायवर जोडून व्हॉल्व्ह तपासायला, त्यात कुणीतरी, बहुतेक मीच, बरं पडतं म्हणून रीडलाइन जोडली होती आणि तीही स्टॅटिक, म्हणजे आमच्याच बायनरीच्या पोटात. जीएनयूच्या बऱ्याच लायब्रऱ्या एलजीपीएलखाली आहेत, त्यात तुमचा प्रोग्राम बंद ठेवायला वाट असते. रीडलाइन मात्र मुद्दाम पूर्ण जीपीएल ठेवलीय. लिस्प या प्रोग्रामिंग भाषेच्या सीलिस्प या प्रोग्रामचं लायसन्स नव्वदच्या दशकात याच लायब्ररीमुळे जीपीएल झालं, त्याच्या लेखकाने शेवटी ते मान्य केलं. म्हणजे सहा वर्षांची मेहनत ज्या प्रोग्राममध्ये आहे तो एका बाणाच्या सोयीसाठी आम्ही अडकवून ठेवला होता. लिबएडिट नावाची बीएसडी या सैल लायसन्सची लायब्ररी जवळपास तेच काम करते, ती घालून बघायला एक दुपार लागली. पण ती पुढच्या पेट्यांसाठी, आधी दिलेल्या तीनशेंचं काय हा प्रश्न तसाच राहिला, आणि माझ्या मते तो जर्मनीच्या पन्नास पेट्यांपेक्षा मोठा होता. दिंडोरीच्या शेतकऱ्याने सोर्स मागितला नाही म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही. तिकडच्यांनी मागितला म्हणून धावायचं आणि इकडे कोण बघतंय म्हणून गप्प बसायचं, हे मला सहनच होईना.

मधे गणपतीत आजोळी गेले होते, बागलाणात मोसम नदीच्या काठी. तिथे फड पद्धतीचा बंधारा आहे, आता पूर्वीसारखं राहिलं नाही, पण लहानपणी बघितलेलं मला आठवतंय. नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटावरून चाऱ्या, आणि एकेका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक. पाणी सोडायचा अधिकार पाटकऱ्याला, शेतकऱ्याने स्वतः फळी उचलायची नाही. आणि रब्बीच्या तोंडाला पाट साफ करायचा दिवस ठरायचा, तेव्हा ज्याच्या ज्याच्या शेतात पाणी जातं त्या प्रत्येक घरातून माणूस फावडं घेऊन यायचा. मामा मला खांद्यावर बसवून न्यायचा. गाळ काळा, मऊ, त्याला गवताची पांढरी मुळं लागलेली, आणि काढलेला गाळ बांधावर टाकला की वास सुटायचा. मला तेव्हा एवढंच कळायचं की मामाचं शेत पाटाच्या तोंडाशी आहे तरी तो शेवटच्या शेतापर्यंत फावडं मारत जातो.

यावेळी मामाला मी पेटीचं सगळं सांगितलं, सॉफ्टवेअर म्हटल्यावर तो नीट ऐकतच नव्हता, मग म्हटलं, मामा, पाणी वरून येतं, आपण आपल्या शेताला घेतलं, त्यात आपला एक पाइप जोडला, आणि खालच्याला सोडताना फळी लावून टाकली, असं झालंय. तो लगेच म्हणाला, "मग फळी काढ, त्यात विचारायचं काय?" खालच्याला पाणी लागतंय की नाही हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नाही. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या लॅबमध्ये प्रिंटर आला, कागद अडकला की लोकांना कळवायची सोय करायची होती, पण त्याचा सोर्स द्यायला ज्याच्याकडे तो होता त्याने नकार दिला, आणि तिथून त्या लॅबमधले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन जीपीएलचं हे सगळं रचायला लागले, ही गोष्ट मी कॉलेजात कधीतरी ऐकली होती आणि विसरले होते. परतताना सटाण्याहून नाशिकच्या बसमध्ये ती परत आठवली. कुणीतरी फळी लावली होती म्हणून हे लायसन्स जन्माला आलं, आणि आम्ही त्याच लायसन्सचं पाणी घेऊन परत फळी लावून बसलो होतो.

मग काम. कर्नलमध्ये एक सोय असते, चालू केलेली असली तर ज्या सेटिंगने कर्नल बनवला ती पूर्ण फाइल पेटीतच दबलेली असते, प्रोकमध्ये कॉन्फिग डॉट जीझेड नावाने. त्या मुलाने ती चालू ठेवली होती. पुण्याला फोन केला तेव्हा मला वाटलं कटकट करेल, तर तो म्हणाला, "मॅडम, पंपाच्या पीडब्ल्यूएमचा पॅच मी तुम्हाला मेल केला होता, बघा, गाडीत होतो तेव्हा." तो होता, माझ्याच मेलमध्ये, न उघडलेला. व्हेंडरकडून मूळ कर्नल मिळवायला अकरा मेल गेले, शेवटी झिप आली, व्हर्जन जुळलं. टचस्क्रीनचा ड्रायव्हर मात्र त्यांनी बायनरीच दिला होता आणि सोर्स देत नाही म्हणाले, शेवटपर्यंत दिला नाही. कर्नलमध्ये घुसून चालणारा बंद ड्रायव्हर, त्याचा सोर्स आम्हालाच मिळालेला नाही, तर पुढे देणार कुठून? आणि पुरवठादाराने चुकवलं म्हणून वाटणारा सुटत नाही. ती स्क्रीन आम्ही सोडली. जिचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच आहे अशी दुसरी घेतली, नगामागे साडेतीनशे रुपये जास्त. सरांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही, हे मला इथे लिहून ठेवायचंय.

व्हेंडरचा एसडीके, म्हणजे त्यांचा बिल्ड करायचा संच, सोडून सगळं बिल्डरूटवर आणलं, अशा पेट्यांसाठी पूर्ण लिनक्स बांधून देणारं ते खुलं टूल, त्यात मेक लीगल इन्फो अशी एक कमांड आहे, ती प्रत्येक पॅकेजचा सोर्स, पॅच आणि लायसन्स एका फोल्डरमध्ये गोळा करून देते. ती कमांड तिथे कितीतरी वर्षं आहे. जे अशी पेटी करताय त्यांनी निदान ती एकदा चालवून बघा, माल जायच्या आधी, आणि त्या फोल्डरची प्रत प्रत्येक फर्मवेअरच्या रिलीजसोबत ठेवा, एकाच लॅपटॉपवर नको.

जुन्या तीनशे पेट्यांसाठी मराठीत एक पान छापलं, पेटीत कुठलं सॉफ्टवेअर आहे, सोर्स कुठे मिळेल, कुणीही मागू शकतं. तिथली रीडलाइन काढणारं अपडेट सर्व्हिसची मुलं ऑक्टोबर छाटणीच्या आधी बागा फिरून टाकत होती, तेव्हा ते पान हातात देत होती. आधी वाटलेल्या बायनरीत जे झालं ते झालं, त्याबद्दल रीडलाइनचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना वकिलांच्या सल्ल्याने आम्ही आपणहून लिहून कळवलं. पिंपळगावच्या एका शेतकऱ्याने पान दोनदा वाचलं आणि विचारलं, माझा पोरगा डिप्लोमाला आहे, त्याला ही स्क्रीन मोठ्या अक्षरात करता येईल का, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. सर्व्हिसच्या मुलाने मला फोन लावून दिला. स्क्रीनवरचं आमच्या प्रोग्राममधून येतं, तो आमचा बंद आहे, म्हणून ते अक्षर मीच मोठं करून देते म्हटलं, पण पोराला खालचं सगळं पाहिजे असेल तर पाठवते. पाठवलं.

शेवटची परीक्षा वकिलांनीच सुचवली होती, ज्याला काहीच माहिती नाही अशा माणसाच्या हातात द्या आणि बघा. आमच्याकडे जूनमध्ये लागलेली एक मुलगी आहे, तिने हा कर्नल कधी बघितलाही नव्हता. तिला कोरं मशीन दिलं, टारबॉल दिला, म्हणजे सगळ्या सोर्सची एक गठ्ठा फाइल, रीडमी दिली, म्हणजे सूचनांची फाइल, आणि मला काही विचारायचं नाही असं ठरलं. पहिल्या दिवशी टूलचेनचं, म्हणजे कंपायलर आणि त्याच्या जोडीच्या टूल्सचं, व्हर्जन रीडमीत नव्हतं म्हणून अडली. दुसऱ्या दिवशी एक स्क्रिप्ट माझ्या होम फोल्डरमधला पाथ शोधत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पेटी सुरू करून सिरियल केबल लावली आणि मला बोलावलं, आणि प्रोकमधली ती ओळ उघडून दाखवली. कंपायलर तोच. लॉगिन नाव तिचं, मशीन तिचं, वेळ दुपारचे ३ वाजून १० मिनिटं.